तीन वर्षांना दोन दिवस कमी

सरका जरा, बसा इकडं. लाइट काही दहाच्या आत येत न्हाई. भुताचं विचारून राह्यले ना? मंग ऐका. माझी मावसबहीण नंदाबाई जाफराबादला एका खाजगी दवाखान्यात सिस्टर होती. दवाखान्याचं नाव सांगणार न्हाई. बाकी तिनं सांगितलं तसंच सांगतो.

साल दोन हजार सहा. नोव्हेंबरची तेवीस तारीख, गुरुवार. अमावास्या होऊन तीन दिवस झाल्ते, म्हणजे तिच्यावरही ढकलता येत न्हाई.

त्या दिवशी पहाटेच्या एसटीनं नंदाबाई जालन्याला गेली. काम साधं होतं. दवाखान्यानं पेशंटचे जुने केसपेपर किती वर्षं ठेवायचे, एवढंच विचारून यायचं. पण तिला कुणी पाठवलं न्हवतं. आपल्या मनानं गेल्ती.

झालं असं होतं, की आदल्या दिवशी बद्रीनाथ नावाचा माणूस पाचव्यांदा दवाखान्यात आल्ता. त्याची बहीण झुंबरबाई तीन वर्षांपूर्वी तिथंच बाळंत झाली आणि त्याच रात्री गेली. त्याला तिचे कागद पाहिजे होते. डॉक्टर दर वेळी म्हणायचे, "कागद वर्षभरच ठेवतात. आता न्हाईत." या वेळी बद्रीनाथनं लेखी अर्ज आणला आणि नंदाबाईकडून पोच घेतली. जाताना म्हणला, "बाई, मला भांडायचं न्हाई. माझ्या बहिणीला रात्रभर कुणी पाह्यलं का न्हाई, तेवढंच कळू द्या."

त्याच संध्याकाळी डॉक्टरांनी नंदाबाईला सांगितलं, "मागच्या खोलीतले गठ्ठे शुक्रवारी सकाळी जाळून टाका. सगळे."

जालन्याच्या सरकारी दवाखान्यात तातेराव नावाचे क्लार्क तिच्या ओळखीचे. त्यांनी चष्मा वर केला. "दोन हजार दोनचा नियम हाय, बाई. भरती पेशंटचे कागद तीन वर्षं ठेवायचे, इलाज सुरू झाला त्या तारखेपासून. आन घरच्यानं मागितले तर बहात्तर घंट्यांत द्यायचे. तुमची तारीख कोणती?"

"पंचवीस नोव्हेंबर. दोन हजार तीन."

तातेरावांनी बोटं मोजली. "मंग तीन वर्षांना दोन दिवस कमी हायेत. आन अर्ज बी आलाय. जाळायला हात लावू नका."

परतीच्या एसटीत नंदाबाई खिडकीला डोकं टेकून बसली. नियम तर कळला होता. पण त्या कागदावर तिचं स्वतःचं अक्षर होतं. झुंबरबाई गेली त्या रात्री ड्यूटी तिचीच. चार नंबरच्या खाटेवरून घंटा वाजली. ती गेली, बाईला रक्त जाऊन राह्यलं होतं. डॉक्टरांच्या घरी फोन केला. "सकाळी पाहू," म्हणले. घंटा पुन्हा वाजली, ती पुन्हा गेली. तिसऱ्यांदा वाजली, तेव्हा मात्र ती उठली न्हाई. जाऊन करू काय, म्हणून बसून राह्यली. सकाळी डॉक्टरांनी लिहायला लावलं, 'रात्री दोन वाजता डॉक्टरांनी तपासले.' आणि तिनं लिहिलं.

म्हणजे कागद जळाले असते, तर तिचीही सुटका होती.

रात्री नऊला ती ड्यूटीवर आली. वॉर्डात एकही पेशंट न्हवता. दहाला भारनियमन सुरू झालं. तिनं मेणबत्ती लावली, बॅटरी उशाशी ठेवली. बाहेर रस्त्यावर कुत्रंसुद्धा न्हाई. भिंतीवरच्या सेलच्या घड्याळाची टिकटिक तेवढी.

दोन वाजून दहा मिनिटांनी घंटा वाजली.

आता, ती घंटा विजेवरची. खाटेला वायर, वायरीला बटण. आणि लाइट तर गेलेली...

नंदाबाई उठून बसली.

पुन्हा वाजली.

कोणत्या खाटेची घंटा ते दाखवणाऱ्या टेबलावरच्या पाटीत चार नंबरचा बल्ब पेटला होता. लाल.

ती बॅटरी घेऊन निघाली. सहा खाटा. एक... दोन... तीन...

चौथीची गादी मधोमध दबलेली. कुणी नुकतंच बसून उठावं तशी. बटणाची वायर हलत होती. खिडक्या बंद.

"कोण हाय?"

...

"झुंबरबाई?"

...

मानेवर गार श्वास आला. एकदाच. ती वळली न्हाई.

आणि घंटा तिसऱ्यांदा वाजली. थांबेचना.

तेव्हा तिचा आवाज फुटला. "वाजव! वाजवायची तेवढी वाजव! त्या दिवशी न्हाई उठले मी. आज उठले ना? मला भेव नको दाखवू. भेव दाखवायचं त्याला दाखव. मी तुझेच कागद काढायला आल्ते!"

अंधारात चालत ती मागच्या खोलीत गेली. कुलूप काढलं. गठ्ठे सोडले. घंटा चालूच. दोन हजार तीन... ऑक्टोबर... नोव्हेंबर... बॅटरी मंद झाली. पाठीमागं कुणीतरी उभं होतं. दिसत न्हवतं. पण होतं.

कागद सापडला. वर झुंबरबाईचा भरती होतानाचा निळा अंगठा, खाली नंदाबाईचं अक्षर. 'दोन वाजता डॉक्टरांनी तपासले.'

तिनं पेन काढलं. त्याच्या खाली आजची तारीख, आत्ताची वेळ टाकली. लिहिलं, 'वरची नोंद खोटी आहे. डॉक्टर आले नव्हते. तिसऱ्या घंटेला मीही उठले नाही.' पूर्ण नाव घालून सही केली.

घंटा थांबली.

सकाळी डॉक्टर आले तेव्हा ती टेबलाशी बसली होती. कागद पदराखाली.

"गठ्ठे जाळले?"

"न्हाई. अन् जाळणार बी न्हाई. तीन वर्षांना अजून दोन दिवस... न्हाई, आता एकच राह्यला. आन बद्रीनाथचा अर्ज आवक रजिस्टरात चढवलाय."

"नंदाबाई, यात तुम्हीसुद्धा फसाल."

"फसू द्या. लिहून ठेवलंय मी."

डॉक्टरांनी तिला त्याच मिनिटाला घरी जायला सांगितलं. ती म्हणली, "जाते. पण हातातलं काम करून." अर्जाचं विचारायला आलेला बद्रीनाथ दारात उभाच होता. स्टँडवरच्या झेरॉक्सवाल्याकडून तिनं पहाटे अंधारातच प्रती करून आणल्या होत्या. त्याच्याकडं जनरेटर होतं. एक प्रत तिनं बद्रीनाथच्या हातात दिली. त्यानं शेवटची ओळ वाचली. तिच्याकडं पाह्यलं. मान हलवली.

पुढं चौकशी बसली. तिनं जालन्याला जाऊन सगळं सांगितलं, स्वतःचंही. नोकरी गेली. डॉक्टरांनाही उत्तरं देता देता नाकी नऊ आले. पण ते जाऊ द्या.

त्या सकाळचं एक सांगायचं राह्यलं. कागद दिल्याची नोंद जावक रजिस्टरात करायची असते. बद्रीनाथनं सही केली, झोकदार, शाळा शिकलेला माणूस. नंदाबाई तारीख पाहायला कॅलेंडरकडं वळली. परत पाह्यलं, तर सहीच्या खालच्या ओळीत...

अंगठा.

निळ्या शाईचा. बारीक, बाईमाणसाचा. बद्रीनाथचे दोन्ही अंगठे कोरडे. खोलीत तिसरं कुणी न्हवतं. तिनं बोट लावून पाह्यलं.

शाई ओली होती.