नारळ मथुरेचा, गाऱ्हाणं गुरुदासचं

मांडीवर खोकं घेऊन बसलेल्या त्या मुलीकडे अख्खी एसटी बघत होती. ऊन उजवीकडून आलं की ती खोकं डावीकडे घेई, खड्डा आला की पोटाशी धरी. वैभववाडी मागे पडली तशी शेजारच्या तरुणाला राहवेना.

“बाळ निजलं वाटतं?” त्याने अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं.

“फ्लॉपी आहेत,” मथुरा तुटकपणे म्हणाली. “कॉम्प्युटरच्या. ऊन लागलं की बिघडतात.”

तरुणाचा चेहरा पडला. “म्हणजे... आमच्या कॉम्प्युटरसाठी मुंबईहून येणार त्या तुम्हीच? मी गुरुदास. मालवणच्या काजू सोसायटीचा सेक्रेटरी.”

मग चूक भरून काढायला त्या पठ्ठ्याने चालत्या एसटीत छत्री उघडली आणि मालवण येईपर्यंत खोक्यावर धरली. कंडक्टर हसला, मथुरा खिडकीबाहेर बघत राहिली. हसू दाबायचं म्हणजे दुसरं काय करणार?

मथुरा आठ वर्षं मुंबईच्या एका कंपनीत प्रोग्राम लिहीत होती. अठ्ठ्याऐंशी साली सोसायटीने मोठ्या हौसेने कॉम्प्युटर घेतला, आणि तो चालता करायला कंपनीने तिला पाठवलं. दुपारी हमखास वीज जाई. मग दोघं सोसायटीच्या पायरीवर चहा घेत बसत.

“वीज कधी येईल हो?”

“घाई आहे?”

“नाही...” ती म्हणाली आणि स्वतःच चपापली.

वीज आली तरी कधी कधी दोघांच्या लक्षात येत नसे. पंखा आत एकटाच फिरत राही.

जेवण गुरुदासच्या घरी. तिथेच एके दिवशी शेजारच्या दुकानातून निरोप आला — मुंबईहून ट्रंककॉल. मथुरा धावत गेली आणि सावकाश परतली.

“बढती मिळतेय. तीस जणांवर मुख्य. सोमवारी होकार कळवायचा.”

“मगे तोंड कित्याक पाडलंस गो?” माईंनी, गुरुदासच्या आईने विचारलं.

“प्रोग्राम लिहायचं बंद होईल, माई. लिहिणाऱ्यांवर लक्ष ठेवायचं.”

“म्हंजे सुगरणीन चुलीकडे जावचा नाय, नुसतो वाढप्यांका हुकूम सोडूचो?”

मथुरेला हसू आलं आणि डोळे भरले. हेच तर खुपत होतं. पण नाही म्हटलं तर लोक म्हणतील, आठ वर्षं झाली, बाई आहे तिथेच आहे.

“तुम्हाला काय वाटतं?” तिने गुरुदासला विचारलं.

“अभिनंदन,” तो ताटात बघत म्हणाला. “मोठ्या साहेब झालात.” माशाचा काटा काढायला त्याला फार वेळ लागला.

रविवारी गावची जत्रा होती. देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचा मान गुरुदासच्या घराण्याचा. नियम एकच: ज्याचा नारळ, त्याच्यासाठीच मागायचं. घालणाऱ्याने मध्ये आपलं काही घुसडायचं नाही.

मथुरेने नारळ पुढे केला. “माझंही घाला.”

“काय मागू?”

“तुम्हाला माझ्यासाठी बरं वाटेल ते.”

गुरुदासने हात जोडले. “बा देवा रवळनाथा! ह्या चेडवान तुझ्या पायाकडे नारळ ठेवलो हा, तो मान्य कर. तिका मुंबयेक मोठी खुर्ची मिळांदे...”

“व्हय महाराजा!” गाव गरजला.

“तिका... हयसरची, ह्या मालवणची आठवण येवन त्रास नको होवंदे...”

“व्हय महाराजा!”

त्याचा आवाज फाटला. मथुरेचा जीव कळवळला. वेडा माणूस! आपल्याच तोंडाने आपल्याला दूर धाडतोय.

“थांबा!” ती म्हणाली. “हे माझं गाऱ्हाणं नाही.”

सगळे तिच्याकडे वळले. मग एक म्हातारे मानकरी म्हणाले, “नारळ तिचो मा? बोलांदे तिका.”

मथुरेने डोळे मिटले. “बा देवा, ती खुर्ची दुसऱ्या कोणाला दे. माका... माका अवघड काम दे. कुडाळ, वेंगुर्ला, सावंतवाडी, सगळ्या सोसायट्यांचे प्रोग्राम मी इथून लिहीन म्हणते. उद्या साहेबाला हेच सांगणार आहे. त्याला ते पटू दे.”

“व्हय महाराजा!”

“आणि...” ती लाजली, पण थांबली नाही. “जो सगळ्यांसाठी मागतो आणि स्वतःसाठी तोंड उघडत नाही, तो माका गावूदे.”

 मग हशा पिकला आणि “व्हय महाराजा!” अशी आरोळी उठली की झाडावरचे कावळे उडाले.

फक्त एक आवाज त्यात नव्हता. माईंनी लेकाला कोपराने ढोसलं. “रे झिला, तू कायच म्हणूक नाय.”

गुरुदासने जोडलेले हात तसेच ठेवले. देवाकडे पाठ झाली तर झाली... तो मथुरेकडे वळला.

“व्हय,” तो हळूच म्हणाला. “व्हय महाराजा.”