आखूड झालेलं मैदान

"चौदा! अमृत, चौदा सेकंद!" घड्याळ धरून अश्लेषा ओरडली.

या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंतचे शंभर मीटर धावायला अमृतला नेहमी पंधरा लागत. त्यात पोटात दिवाळीचा फराळ! तो कॉलर ताठ करून हिंडू लागला. कोमलचा चेहरा मात्र उतरला.

"तू कसला वेगवान! मैदानच आखूड झालंय!"

चार वाजता स्पर्धेचे निरीक्षक कुसगावात येणार होते. फुटबॉलचं मैदान शंभर मीटरला बोटभरही कमी भरलं, तर मुलींचे सामने तळेगावला जाणार. मग गावच्या संघाची कर्णधार कोमल घरीच! "गावात खेळ, भाईर न्हाई," असं आईनं बजावलं होतं. आणि दोन तर वाजूनही गेले होते.

चुन्याच्या रेघा मारणारे रखमाजी आबा भडकलेच. "माझ्या दोरीवर संशय? ईस वर्सं मोजतोय! टेप-बीप आणायचा न्हाई हितं!"

कोमलनं आवाज मऊ केला. "आबा, आपलं कबड्डीचं मैदान दहा मीटर रुंद हाय ना? अमृत म्हणतो, जास्त हाय."

"मी?" अमृत दचकला. अश्लेषानं त्याला चिमटा काढला.

"त्येच्या कडा मी सोता शिमिटात बसवल्यात!" आबा तरातरा गेले आणि त्यांनी दोरी ताणली. दहा मीटरची गाठ पलीकडच्या कडेच्या हातभर अलीकडंच थांबली!

आबा मटकन खाली बसले. "यंदा लय मळली व्हती. खंडेनवमीला पूजेत मांडायची म्हून कढत पाण्यात धुतली."

सुती दोरी आटली होती! दहा मीटरला अर्धा, म्हणजे शंभराला पाच मीटर कमी!

"आबा, उठा!" कोमल म्हणाली.

अश्लेषानं धावत जाऊन टेप आणला. सगळ्यांनी मिळून लोखंडी गोलपोस्ट मागे ओढला. अमृतनं खराट्यानं जुन्या रेघा पुसल्या, कोमलनं नव्या मारल्या. चारला दहा मिनिटं कमी असताना चुना संपला! मग घरोघरची रांगोळी आली.

निरीक्षकांनी टेप लावला. कोमलनं डोळे गच्च मिटले.

"शंभर मीटर, तीन सेंटिमीटर. मैदान पात्र! रेघा कुणी मारल्या?"

"आबांनी!" कोमल पटकन म्हणाली.

"खोटं बोलती ती!" आबांचे डोळे भरून आले होते. "दोरीची पूजा केली सायेब, पर मोजली न्हाई. ह्या पोरांनी मोजली."

"शाब्बास!" निरीक्षकांनी कोमलची पाठ थोपटली.

गर्दीतून कोमलची आई पुढे आली. "सायेब, ह्या पोरी जिंकल्या तर फुडं कुटं खेळायचं?"

"पुण्याला."

"मंग पुण्याला धाडीन की!" आई म्हणाली.