डोंगरावरची प्रत

सकाळी संगणक उघडले तेव्हा नव्या औषधाच्या चाचणीतले मूत्रपिंडाचे सगळे आकडे गायब होते. मुख्य प्रयोगशाळेतून, बंदरावरच्या केंद्रातून आणि डोंगरावरच्या केंद्रातूनही.

तिन्ही ठिकाणी एकच सॉफ्टवेअर होतं. एकीकडे आकडे भरले की ते आपोआप सगळीकडे पोचत. एकीकडे पुसले की सगळीकडे पुसले जात. पुसण्याच्या हुकमावर नाव होतं ते सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या प्रोग्रामरचं. तो संचालकांचा जावई.

"घरात घेतलं तिथेच चुकलं," संचालक सगळ्यांसमोर म्हणाले. त्याचा पासवर्ड त्यांनी तिथल्या तिथे बंद करवला.

चौकशीला आलेल्या बाई पोलिसातून निवृत्त झालेल्या. एकदा धरलं की सोडत नाहीत, म्हणून खात्यात त्यांना 'चिमटा' म्हणत. इथे त्यांना बसा म्हणायलाही कुणी तयार नव्हतं.

"आकडे का पुसलेस?" त्यांनी प्रोग्रामरला विचारलं.

"मी नाही पुसले. माझा पासवर्ड वापरलाय कुणीतरी."

"कुणाला माहीत होता?"

"घरात सगळ्यांना. मलाही सासऱ्यांचा माहीत आहे. आम्ही कधी लपवलेच नाहीत."

मग बाई संचालकांकडे गेल्या. "कुणाला बोलू नका. बंदरावरच्या राखीव यंत्रात एक प्रत वाचली आहे. ते यंत्र सॉफ्टवेअरला जोडलेलं नाही, तिथलं वेगळं पुसावं लागतं."

"जावयाच्या कानावर जाऊ देऊ नका म्हणजे झालं," संचालक गुरकावले.

औषध ज्यांनी शोधलं त्या संशोधक म्हणजे संचालकांची मुलगी. बाईंनी त्यांनाही एकटं गाठलं. "डोंगरावरच्या राखीव यंत्रात एक प्रत वाचली आहे, ते सॉफ्टवेअरला जोडलेलं नाही. वडिलांनाही सांगू नका."

"नाही सांगणार. आणि माझ्या नवऱ्याला खुशाल खडी फोडायला पाठवा."

दुपारभर बाईंनी प्रोग्रामरला नजरेसमोरून हलू दिलं नाही. संध्याकाळी डोंगरावरून फोन आला. बाईंनी तिघांना एका खोलीत बोलावलं.

"पुसण्याचा आणखी एक हुकूम निघालाय. संचालकांच्या नावाने."

"बघा!" जावई उसळला. "आता चोर कोण, सासरेबुवा?"

"मी काहीही पाठवलेलं नाही!"

"खरं आहे," बाई म्हणाल्या. "प्रत कुठेच वाचलेली नव्हती. दोन्ही केंद्रांना मी रिकामी फाइल ठेवायला सांगितली होती. संचालकांना मी बंदर सांगितलं. हुकूम गेला थेट डोंगरावरच्या राखीव यंत्राला. नाव कुणाचंही घालता येतं. डोंगराचं मात्र मी एकाच माणसाला सांगितलं होतं."

सगळ्यांच्या नजरा संशोधकबाईंकडे वळल्या.

"पण का?" संचालकांनी मुलीला विचारलं.

"डोंगरावरच्या डॉक्टरांना विचारलं मी," उत्तर बाईंनी दिलं. " औषध घेणाऱ्यांचे पाय सुजताहेत, लघवी कमी होतेय. मूत्रपिंडं बिघडताहेत हे आकड्यांत दिसायला लागलं होतं."

"याच्यामुळे!" ती नवऱ्यावर ओरडली. "याचं सॉफ्टवेअर नसतं तर आकडे माझ्याच टेबलावर राहिले असते. मी औषध सुधारलं असतं!"

"आणि हुकमावर माझं नाव का घातलंस?" वडिलांनी विचारलं.

"तुम्हाला कोण हात लावणार होतं, बाबा?"

संचालकांनी फोन उचलला. "औषध आत्ताच्या आत्ता थांबवा. सगळ्यांचं रक्त पुन्हा तपासा."

ती फोनवर झेपावली. नवऱ्याने तिचं मनगट धरलं आणि सासऱ्यांचं बोलणं पुरं होईपर्यंत सोडलं नाही.