येऊ का?

नेमावरच्या अलीकडे, नर्मदेच्या काठाला सागाच्या जंगलात ते रिसॉर्ट आहे. आम्ही तिथे गेलो ते पियूषच्या हट्टापायी. आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून मुलाने दोन दिवसांचं बुकिंग करून टाकलं आणि मला मोबाइलवर कळवलं, तेही हिंदीत. आमचा पियूष मराठी बोलतो बरं, पण वाचायला दिलं की त्याला चष्मा सापडत नाही. वासंतीला, म्हणजे माझ्या बायकोला, जायचंच नव्हतं. तिचा डावा गुडघा सहा वर्षांपासून तिच्याशी वैर धरून आहे, आणि गुडघ्याचा राग ती माझ्यावर काढते. शेवटी नर्मदामाईचं दर्शन होईल म्हटल्यावर ती गाडीत बसली.

मी देवासच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं मेंटेनन्सला होतो. मशीन कुठे कुरकुरतंय ते कान देऊन ऐकायचं आणि बोट ठेवून दाखवायचं, हेच माझं काम. त्यामुळे पुढचं सगळं मी जसं ऐकलं तसंच सांगतोय. अर्थ तुम्ही लावा, मी तो नाद सोडला आहे.

हाटपिपल्याला चहा घेतला, कन्नौदला वासंतीने पेरू घेतले, आणि तीनच्या सुमाराला पोचलो. डिसेंबरचे दिवस, त्यात मंगळवार, त्यामुळे आमच्याशिवाय तिथे कोणी उतरलेलं नव्हतं. केरळच्या धर्तीची सहा लाकडी घरं होती. खांबांवर उचललेली, उतरत्या कौलांची, पाच पायऱ्या चढून व्हरांडा. आत भिंती लाकडाच्या, छत लाकडाचं, जमीनही लाकडाची. भोवती मुद्दाम लावलेले नारळ होते, त्यांना मालव्याची हवा मानवलेली दिसत नव्हती.

मॅनेजर वीरेंद्र हा खातेगावचा, तिशीतला, बोलका माणूस. "काकाजी, पूरे घर में एक कील नहीं मिलेगी आपको," तो अभिमानाने म्हणाला. "बस ये दरवाज़ा केरल का नहीं है. धार से आया है. किसी मराठा परिवार का पुराना मकान बिका, तो हमारे सेठजी दरवाज़ा उठा लाए."

दार खरंच देखणं होतं. काळं, रुंद, पितळी कडीचं. फक्त उंबरठा इतका उंच की वासंतीला ओलांडता येईना. मी दंडाला धरून तिला आत घेतलं.

"हौसेला मोल नाही म्हणतात ते हेच," ती म्हणाली. "म्हातारीला पायऱ्या काय, उंबरठा काय. पियूषला सांगा, पुढच्या वर्षी शिडीच पाठव."

संध्याकाळी ती गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवून कॉटवर पडली होती. मी खुर्चीत पेपर वाचत होतो. दार नुसतं ओढून घेतलेलं होतं. बाहेर दिवेलागण झाली होती, नदीवरून गारठा यायला लागला होता, आणि खोलीत जुन्या लाकडाचा अन् तेलाचा वास दाटला होता. तेवढ्यात दारापलीकडून बाईचा आवाज आला.

"येऊ का?"

आपल्यात निघणारं माणूस 'जातो' म्हणत नाही. जाणं मेलेल्यांचं. आपण 'येतो' म्हणतो, 'येऊ का' म्हणून विचारतो, आणि घरचा माणूस 'या' म्हणून निरोप देतो. दुपारी एक बाई व्हरांडा झाडत होती. काम आटपून ती निघाली असणार, असं मी धरलं.

"या, या," मी पेपरातून मान वर न काढता म्हणालो.

कडी एकदा वाजली.

"कोण होतं हो?" वासंतीने विचारलं.

"झाडणारी बाई. गेली."

रात्री दोघांना गाढ झोप लागली. सकाळी चहा घेऊन वीरेंद्र आला तेव्हा मी सहज म्हणालो, "तुमची सफाईवाली मराठी छान बोलते."

त्याला काही कळेना. "वो? वो तो मालवी के सिवा कुछ नहीं बोलती काकाजी. और चार बजे घर चली जाती है." मग हसून म्हणाला, "यहाँ मराठी कोई नहीं जानता. आप पहले आए हो."

मीही हसलो. वासंतीला काही बोललो नाही. पण चहा पिताना माझ्या लक्षात आलं की काल संध्याकाळी पायऱ्यांवर पावलं वाजलीच नव्हती. चढताना नाही, उतरतानाही नाही. आणि त्या पायऱ्या मांजर चढलं तरी वाजतात. बाईने येऊ का विचारलं, मी या म्हणालो. शब्द तेच आहेत, दाराच्या कोणत्या बाजूने उच्चारले एवढाच फरक.

सवयीने मी पहिल्याच दिवशी त्या खोलीतल्या फळ्या तपासल्या होत्या. खिडकीखालची एक फळी सैल होती. तिच्यावर पाय ठेवला की खालच्या पट्टीत कुरकुरायची, आणि पाय उचलला की किंचित वरच्या. दुपारी जेवून वासंती झोपली. मी खुर्चीत होतो. ती फळी खालच्या पट्टीत कुरकुरली, आणि तेवढ्यावरच थांबली.

लाकूड उन्हाने फुगतं, सावलीत आकसतं, हे मला कोणी शिकवायला नको. पण आपण होऊन वाजणारं लाकूड असं दबून राहत नाही. मी घड्याळ बघत बसलो. वीस मिनिटं झाली. मग वासंतीने कूस बदलली आणि झोपेतच म्हणाली, "अहो, पाणी द्या जरा."

खिडकीपाशी कोणीतरी अगदी हलक्या आवाजात म्हणालं, "अहो..."

पुन्हा एकदा, थोडं खालच्या स्वरात, "अहो..." पाहुणीने यजमानिणीच्या भाजीची चव घेऊन बघावी, तसा तो शब्द कोणीतरी तोंडात घोळवत होतं. वासंतीचा आवाज पहिल्यापासून जरा घोगरा आहे. तिसऱ्या वेळी तो घोगरेपणाही बरोबर जमला. मग फळी वरच्या पट्टीत वाजली.

मी उठलो आणि बॅग भरायला घेतली. वासंती जागी झाली. "आता काय झालं तुम्हाला?"

"निघू या. घरी जाऊ."

"उद्या सकाळी नदीत पाय बुडवून निघायचं ठरलंय ना? गुडघ्याला आत्ता कुठे ऊब लागतेय."

"वासंती, ऐक माझं."

चाळीस वर्षांत मी तिला असं नावाने हाक मारून क्वचितच काही सांगितलं असेल. तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "बरं." तिच्या औषधांचे डबे, पेरू, शाल, सगळं गोळा करता करता दिवेलागण झाली. मी शेवटची चेन ओढत होतो आणि लाइट गेली.

लाकडाच्या घरात अंधार लवकर होतो. बाहेर अजून थोडा उजेड असेल, पण आत मला माझा हात दिसेना. मोबाइल चार्जिंगला लावलेला होता, तोही खिडकीपाशी.

"अहो, दिवा लावा ना," कॉटवरून वासंती म्हणाली.

"अहो, दिवा लावा ना," खिडकीपासून वासंती म्हणाली.

"तू... कुठे आहेस?" मी विचारलं.

"इथेच आहे."

"इथेच तर आहे..."

दोन्ही आवाज तिचेच. जी काही खूण घरात फक्त तिला ठाऊक असेल ती विचारायला हवी होती. पियूषच्या मुंजीत तुझं काय हरवलं होतं, एवढं विचारलं असतं तरी पुरे होतं. पण हे मला सुचलं ते परतताना, हाटपिपल्याच्या पुढे. त्या वेळी मी घाबरलेलो होतो आणि मला फक्त फळी ऐकू आली. खिडकीखालची फळी खालच्या पट्टीत कुरकुरली, म्हणजे वजन तिथे होतं. वासंतीला मी कॉटवर पाहिलं होतं. तिचा गुडघा धरलेला, ती अंधारात कशाला उठेल? मोबाइल घ्यायला उठली असेल, हा विचार माझ्या मनाला शिवला नाही.

मी खिडकीकडे तोंड केलं आणि ज्या शब्दाचा आमच्या घरात भांडणातसुद्धा कधी उच्चार झाला नव्हता तो उच्चारला.

"जा. निघून जा इथून."

मग खिडकीपासून आवाज आला.

"मी...?"

"जा!" मी ओरडलो.

फळी वरच्या पट्टीत वाजली. कोणीतरी माझ्या शेजारून, भिंतीला हात घासत, दाराकडे गेलं. कडी वाजली. उंबरठ्यापाशी ते माणूस थांबलं, आणि खाली बसून, एकेक पाय उचलून पलीकडे गेल्यासारखं वाटलं. मग पायऱ्या. एक पाऊल, आणि दुसरं त्याच पायरीवर त्याच्याजवळ. पुन्हा एक, पुन्हा दुसरं त्याच्याजवळ. पाच पायऱ्यांना मी दहा आवाज मोजले. त्यानंतर सागाच्या वाळक्या पानांवरून चाल दूर गेली.

लाइट आली. कॉटवर वासंती पाय खाली सोडून ताठ बसली होती आणि माझ्याकडे बघत होती.

"गेली?" तिने विचारलं.

"गेली," मी म्हणालो.

मी बॅग उचलली, दंडाला धरायला हात पुढे केला. तिने उंबरठा ओलांडला आणि ती पायऱ्या उतरून खालीसुद्धा गेली. माझा हात तसाच पुढे राहिला होता.

देवासपर्यंत पेरू तसेच मागच्या सीटवर होते.

आमचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. गेले अकरा दिवस ती दिवसातून चार वेळा वर-खाली करते. माझ्या साखरेवरून कटकट करत नाही. चहात दोन चमचे मागितले तर दोन घालते. पियूषने व्हिडिओ कॉल केला तर म्हणाला, "बाबा, आई तो एकदम फिट हो गई! मी सांगितलं होतं ना, चेंज पाहिजे होता तिला." मी नर्मदेच्या हवेचा गुण म्हणालो. शेजारच्या पार्वतीवहिनीही तेच म्हणाल्या, आणि रिसॉर्टचं नाव लिहून घेऊन गेल्या.

मला काही कळत नव्हतं, असं मी म्हणणार नाही. मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं. दिवसभर मी पेपर वाचतो. संध्याकाळ झाली की मला वासंतीची इतकी आठवण येते की श्वास धड घेता येत नाही. आणि ती तर समोर बसून मटार सोलत असते. मग मला लाज वाटते. ती दहा पावलं रोज मोजून होतात माझी.

काल दिवेलागणीला वीरेंद्रचा फोन आला. तो अगदी हळू बोलत होता.

"काकाजी, बुरा मत मानना. आपवाले कॉटेज में खड़ा हूँ. बाहर कोई बाई बोल रही है. तीन दिन से, इसी टाइम. दरवाज़ा खोलता हूँ तो कोई नहीं."

"क्या बोल रही है?"

"मराठी है, समझ में नहीं आता. बस 'अहो, अहो' पकड़ में आता है. मेरी अम्मा ने कहा है, शाम को ऐसी आवाज़ को जवाब नहीं देना. तो मैंने नहीं दिया..." तो थांबला. "ज़रा आप सुन लो भिया. स्पीकर चालू करके फोन दरवाज़े पे लगाता हूँ."

भाऊ म्हणावं तसं भिया म्हणाला, काकाजी नाही. घाबरलेला होता.

फोन लाकडाला टेकल्याचा आवाज आला. मग बराच वेळ नुसतं नदीवरचं वारं. मी हॉलमध्ये उभा होतो. आमच्या स्वयंपाकघरात कुकरची पहिली शिट्टी झाली, आणि ती आत बांगड्या वाजवत कोथिंबीर निवडत होती.

"अहो..." फोनमधून आवाज आला. तोच घोगरा, त्यात थंडीने धाप भरलेली. डोळ्यांना पाणी आलं.

"अहो, ऐकताय ना?"

"हो," मी म्हणालो.

पलीकडे ती कान देऊन काहीतरी ऐकत होती. तिला माझ्याइतकंच ऐकू येतं, पहिल्यापासून.

"कुकर लावलाय का? आपल्या घरात... कोण आहे हो?"

स्वयंपाकघरातल्या बांगड्या थांबल्या.

"कोणी नाही," मी म्हणालो.

आत कोणीतरी गॅस बंद केला.