काळजावरचे ठसे

उखाने मेलेलं पिल्लू विळ्याने फाडलं आणि विळा टाकून तो मागे सरला. टर्कीच्या पिल्लाच्या काळजावर गोल गोल ठसे होते. कोणीतरी बोटं रुतवल्यासारखे.

डाकीण काळीज खाते, असं गावात म्हणतात. उखाची विधवा चुलती दिवालीबाई कालच खुराड्याजवळ उभी होती. तेवढं पुरलं. दिवस मावळायच्या आत तिने गाव सोडायचं, असं पंचांनी सांगून टाकलं.

शिरपूरहून गुरांचे डॉक्टर मोतीलाल मोटारसायकलवर आले, तेव्हा ती अंगणात गाठोडं बांधत होती. तिच्याकडे कोणी बघत नव्हतं. पोरंसुद्धा नाहीत.

सरकारी योजनेतली पांढरी पिल्लं पंख पाडून उभी होती. डोळे मिटलेले. आवाज नाही. खाली पिवळीधमक हगवण. डॉक्टर वाकले, भुशातून काहीतरी उचलून त्यांनी मुठीत धरलं.

"आधी कधी हगवण लागली होती?"

"आणली तेव्हा. एसटीत हादरली," उखा म्हणाला. "ताक पाजलं, थांबली. मग परत लागली ती मरायलाच लागली."

"इथे कोंबड्या असतात?"

"आठे कोंबडी शेच नही, साहेब. योजनावाल्यांनी ठेवू नका सांगितलंय."

डॉक्टरांनी मूठ उघडली. तांबडं पीस. त्याला कुंकू चिकटलेलं.

उखाने बायकोकडे बघितलं. रुपलीने पदर तोंडावर ओढला.

डॉक्टरांनी पंचांना बोलावलं आणि सगळ्यांसमोर पिल्लाचं आतडं कापलं. आत घट्ट पिवळा गोळा. रोग आधी इथे बसतो, मग काळजात, म्हणजे यकृतात, उतरतो आणि तिथे गोल डाग पाडतो, त्यांनी सांगितलं. तो येतो कोंबडीच्या पोटातल्या जंतांतून, तिच्या घाणीतून मातीत. कोंबडीला काही होत नाही. टर्कीचं पिल्लू मात्र मरतं.

"उखा खोटं बोलला नाही. त्याला माहीतच नव्हतं. पहिली हगवण लागली तेव्हा उतारा कोणी केला, रुपली?"

रुपलीने तोंडावरचा पदर खाली घेतला. मग बोलली. उखा शेतात गेला की ती शेजारची कोंबडी आणायची, कुंकू लावून पिल्लांवरून ओवाळायची आणि संध्याकाळपर्यंत आत सोडायची. पीडा कोंबडीने घ्यावी म्हणून. पंचांना दिवालीबाईचं नावही तिनेच सांगितलं होतं.

"मी पिल्लांना जगवायलाच ती सोडली होती ना," ती म्हणाली. "कोंबडी धडधाकट, पिल्लं मरतात. मला वाटलं, काकीचंच बळ मोठं."

पंच खाली बघत राहिले. उरलेल्या पिल्लांसाठी डॉक्टरांनी पाण्यातून द्यायचं औषध दिलं, कोंबडी कधी फिरली नाही अशा जागी हलवायला सांगितलं. मग दिवालीबाईला म्हणाले, अक्का, सोडा ते गाठोडं.

तिने सोडलं नाही.

"पिल्लू होतं म्हणून फाडून दाखवलंस, भाऊ. उद्या कोणाचं पोर मेलं तर काय दाखवशील?"

तिने गाठोडं डोक्यावर घेतलं. माणसं बाजूला झाली, तिला वाट द्यायला. जरा जास्तच बाजूला.