जिनिंगमधली सुरमई

पांढरकवड्यात समुद्राचे मासे मिळणार हे ऐकून मी आधी हसलोच. आमच्याकडे मासा म्हणजे तलावातली मरळ, तीही बाजाराच्या दिवशी. पण हायवेला लागून बंद पडलेलं कापसाचं जिनिंग कोणीतरी भाड्यानं घेतलं, भिंतींना निळा रंग फासला, आणि हैदराबादकडून नागपूरला बर्फाच्या पेट्या नेणारे ट्रक तिथं थांबायला लागले. २००६चा उन्हाळा होता. कापसाला भाव नव्हता, गावोगाव माणसं मरत होती आणि आमच्या गावात सुरमई आली होती. ही अक्कल एखाद्या मंत्र्याची असती तर मला नवल वाटलं नसतं.

मी कापसाचा ग्रेडर. चिमटीत रुई धरून धाग्याची लांबी सांगायची, यातच माझा जन्म गेला. ज्या छपराखाली मी रुईचे ढीग पाहिले, त्याच छपराखाली आता टेबलं मांडली होती. वाशांना जुनी रुई अजून चिकटलेली होती. पंखा लावला की एखादं पुंजकं ताटात पडायचं. वाढायला भावसिंग होता. तो तांड्यावरचा, आधी याच जिनिंगमध्ये हमाल होता.

पहिल्यांदा मी मारोतरावांबरोबर गेलो. ते माझे शेजारी, शाळेत मास्तर. एकच सुरमई तळून मागवली आणि मधोमध वाटून घेतली. माझा तुकडा झकास होता. मारोतरावांनी घास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"कडू लागून राह्यला ना भाऊ."

साफ करताना माशाच्या पित्ताची पिशवी फुटली की मांस कडू होतं, असं मी त्यांना समजावलं. मला असलं समजावायला फार आवडतं. मग त्यांच्या तुकड्यातला कण चाखून पाहिला. तो कडू नव्हता.

भावसिंगला बोलावलं. तो मारोतरावांकडे जरा वेळ पाहत राहिला.

"खाऊन घ्या गुरुजी. याचे पैसे आम्ही घेत नाही."

"काहून?"

"मालकानं सांगून ठेवलं हाय."

संध्याकाळी मारोतरावांच्या दारात माणसं जमली. त्यांचा धाकटा भाऊ महागावला राहायचा, तो दुपारीच गेला होता. मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही, शेजारीपाजारी कडू घास घेऊन जातात. माझ्या बायकोनं, रत्नप्रभानं, पिठलं-भाकरी केली आणि वर कडुनिंबाचा पाला ठेवला. मी ताट नेऊन पुढं केलं. मारोतरावांनी ते हळूच बाजूला सारलं.

"माझा झाला, नंदकिशोरभाऊ," ते म्हणाले. "दुपारीच. तुमच्यासमोर."

दुःखात माणूस काहीही बोलतो, असं मी रत्नप्रभाला सांगितलं. पुढं एका ट्रकवाल्याचं तसंच झाल्याचं कानावर आलं. जिथं रोज कुणाच्या ना कुणाच्या घरी रडारड आहे, तिथं योगायोगांना काय तोटा!

मंदार आमचा एकुलता एक. यवतमाळला एका बियाणं कंपनीत विक्रीचं काम करायचा. गावोगाव फिरून तो जी पाकिटं खपवायचा, त्यांचाच कापूस माझ्यासमोर यायचा, आखूड धाग्याचा, बोंडअळीनं खाल्लेला. दिवाळीला आमचं वाजलं. "तुझ्या पगाराले मयताचा वास येते," असं मी बोलून गेलो. तेव्हापासून बापलेकांचं बोलणं बंद. मधल्या मध्ये रत्नप्रभा झिजत होती.

एप्रिलमध्ये तिनंच जमवून आणलं. मंदारनं नोकरी सोडली होती. रविवारी दुपारी तो मोटरसायकलवर येणार होता, आणि त्या नव्या हॉटेलातच जेवू असं त्यानंच सुचवलं होतं.

"आज तरी नीट बोलजा त्याच्याशी," रत्नप्रभा म्हणाली.

मी नुसतं हुं केलं. पण आज पहिला शब्द आपला असेल, हे मी मनात ठरवलेलं होतं. पोरगा परत हवा होता मला. दुसरं काही नको होतं.

ऊन मी मी म्हणत होतं. बराच वेळ वाट पाहून शेवटी मासे मागवले. भावसिंगनं ते आणून ठेवले, तेवढ्यात मंदार दारातून आत आला. आईच्या खांद्यावर हात ठेवला, माझ्याकडे पाहून हसला आणि समोर बसला. एवढ्या उन्हातून यवतमाळहून आलेला पोरगा, पण कपाळावर घामाचा थेंब नव्हता. पाणीसुद्धा प्यायला नाही.

त्यानं लगेच मासा ओढून घेतला. मीही घास घेतला.

कडू. थेट घशापर्यंत.

पित्त, मी स्वतःला सांगितलं. पित्ताची पिशवी फुटली असेल.

रत्नप्रभाकडे पाहिलं. ती घास चावत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी भरलं होतं.

"छान झाला," ती म्हणाली.

"हो," मी म्हणालो.

"गोड आहे ना, बाबा?" मंदार म्हणाला. "एकदम ताजा आहे."

माझ्या घरात माणसं तीन. तिघंही या टेबलाशी होती.

तेव्हा टेबलावरचा माझा मोबाईल वाजला. वर मंदारचं नाव आलं. समोर मंदारचे दोन्ही हात माशात होते.

रत्नप्रभानंही नाव वाचलं. तिनं फोन उचलला आणि पदराखाली मांडीवर दाबून धरला. वाजून वाजून तो थांबला.

"मग?" मी विचारलं. "काय म्हणे तुझा साहेब, नोकरी सोडली तर?"

मंदारनं चमकून वर पाहिलं. किती खूश झाला तो! मग सांगायला लागला. साहेबाचं, गावांचं, खोलीवर एकट्यानं काढलेल्या रात्रींचं. तो थांबला की मी पुढचं विचारायचो. उभ्या आयुष्यात मी त्याला इतकं विचारलं नव्हतं. तो कडू मासा मी कणाकणानं खात होतो, कारण ताट रिकामं झालं की उठावं लागलं असतं.

भावसिंग भिंतीशी मान खाली घालून उभा होता. मी त्याला अजून एक मासा आणायची खूण केली.

पदराखाली फोन पुन्हा वाजायला लागला.

"आई, फोन," मंदार म्हणाला. "घे ना. कोणाचा आहे?"

"कोणाचा नाही रे," रत्नप्रभा म्हणाली. "तू जेव."