पिवळ्या खुर्चीमागची भिंत

आमच्या रंगांच्या दुकानातल्या ट्यूबलाइट खोटं बोलतात. म्हणून रंगाची छटा नीट बघायची असली, की मी कार्ड घेऊन दारापाशी, उजेडात जाते. त्या दिवशी गेले, तर तिथे आधीच एक जण उभा. हातात राखाडी रंगांचं कार्ड, एक डोळा बारीक केलेला. मी वळले, तोही वळला... आणि आमची डोकी आपटली.

"अजून एकदा आपटूया," तो कपाळ चोळत म्हणाला. "नाहीतर शिंगं येतील."

आला होता पॉलिश पेपर घ्यायला. बोटांना पांढरी भुकटी लागलेली. पण पॉलिश पेपर घेऊन झाला तरी जाईना.

"राखाडी म्हणजे राखाडीच ना हो? मला त्यातलं काही कळत नाही."

"छे! प्रत्येक राखाडीच्या पोटात दुसरा एक रंग असतो. निळा, हिरवा, जांभळा... शेजारी काय ठेवाल, त्यावर तो बाहेर येतो. तुमच्या भिंतीशेजारी काय आहे?"

"एक खुर्ची. हळदीसारखी पिवळी." तो अडखळला. "एका मैत्रिणीची. म्हणजे — खुर्ची आहे, मैत्रीण नाही. येऊन नेते म्हणालीय."

मग तो येतच राहिला. नमुन्याचे छोटे डबे न्यायचे, भिंतीवर पट्टे ओढायचे, परत यायचं. आणि दर वेळी ती खुर्ची! खुर्चीवर सकाळचं ऊन येतं. खुर्ची तिनेच निवडली होती. तिची रंगांची नजर फार चांगली.

"अस्सं," मी म्हणायचे, आणि डब्याचं झाकण हातोडीने ठोकून बसवायचे.

"हा बाबा भिंत रंगवतोय की पूल?" दुकानाची मालकीण, म्हणजे माझी आत्या, एकदा म्हणाली. "आणि तू झाकण ठोकतेयस की कुणाचं डोकं?"

ती बाई मी पाहिलीही नव्हती. पण पाय पोटाशी घेऊन, ओले केस मोकळे सोडून ती त्या खुर्चीत बसलेली मला रोज दिसायची. रंग मिसळायच्या यंत्रापुढे उभी राहून मी मनातल्या मनात जळत होते... एका खुर्चीवर!

शेवटी एका दुपारी तो म्हणाला, "आता तुम्हीच सांगा. कुठला घेऊ?"

शास्त्र सोपं होतं. जांभळट राखाडी दिला, तर पुढचा पिवळा उजळून निघतो. खुर्ची त्या खोलीची राणी झाली असती. पिवळसर राखाडी दिला, तर ती भिंतीत विरून जाणार. आजवर मी एकाही गिऱ्हाइकाला चुकीचा रंग दिला नव्हता.

"हा," मी पिवळसर राखाडीवर बोट ठेवलं.

"नक्की?"

"शास्त्र आहे ते."

तो कार्ड घेऊन दारापाशी गेला, डोळा बारीक केला, मग माझ्याकडे पाहिलं — जरा जास्तच वेळ. "तुम्ही म्हणता, तर हाच."

आठवडाभर ते मला खात राहिलं. मग जांभळट राखाडीचा डबा उचलला, बिलावरचा पत्ता पाहिला आणि थेट त्याच्या घरी गेले. दार उघडंच होतं. भिंत रंगवून झाली होती, आणि तिच्यापुढे ती खुर्ची कावीळ झाल्यासारखी बसली होती. खिडकीपाशी टेबल. टेबलावर... दात! ओळीने मांडलेले, प्रत्येकाचा पांढरा वेगळा.

"माझं काम," तो मागून म्हणाला. "दात बनवतो मी. शेजारच्या खऱ्या दातासारखा हुबेहूब रंग आणावा लागतो. पांढऱ्याच्या पोटातला पिवळा, राखाडी, सगळं बघून. तेही दिवसाच्या उजेडात."

दारातला उजेड. बारीक केलेला डोळा. बोटांवरची भुकटी.

"म्हणजे तुम्हाला सगळं कळत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग हा रंग लावलात कशाला? खुर्ची मेली की हो!"

"तुम्ही मारलीत." तो हसला. "जांभळट दिला असतात, तर समजलो असतो... तुम्हाला काही फरक पडत नाही. नुसत्या झाकण ठोकण्यावरून खात्री होत नव्हती."

माझे कान तापले. तरी विचारलंच, "तिची नजर फार चांगली — ते खरं?"

"खरं. अजून जळतेस?"

"हो."

"मग तिथे उभी राहा बघू. खुर्चीच्या पुढे."

मी उभी राहिले, माझ्या हिरव्या स्वेटरमध्ये, हातात तो डबा तसाच. त्याने एक डोळा बारीक केला. मग दोन्ही उघडले... आणि जवळ येऊन डबा हातातून काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी ती टेम्पो घेऊन आली. दारातच थबकली.

"हा राखाडी कुणी निवडला?"

"मी," मी म्हणाले.

तिने भिंत पाहिली, खुर्ची पाहिली, मग मला. नजर खरंच चांगली होती तिची.

"बरोबर निवडलास," ती हसून म्हणाली, आणि खुर्चीचा एक हात धरला. दुसरा मी धरला.

"अगं हळू," मागून तो ओरडला. "घाई काय आहे?"

"आहे," मी म्हणाले.